असहमतीचे काय होते, हे उमेदवार पाहत असतात

भरतीसाठी मुलाखती घेताना एक गोष्ट मला सातत्याने जाणवते. अनुभवी उमेदवार पगार आणि पदाइतक्याच बारकाईने, वरिष्ठांचा निर्णय एखाद्याला पटला नाही तर त्या माणसाचे पुढे काय होते, याची चौकशी करतात. आम्ही दिलेले उत्तर ते ऐकून घेतात आणि मग कंपनी सोडून गेलेल्या ओळखीच्या माणसांकडून त्याची खातरजमा करतात. निर्णय बहुधा त्या दुसऱ्या संभाषणावर ठरतो.

गूगलच्या आचारसंहितेच्या अखेरीस, काही गैर दिसले तर बोला, असे कर्मचाऱ्यांना सांगितलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिक बाजूवर काम करणाऱ्या टिमनिट गेब्रू मोठ्या भाषा-मॉडेलच्या, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकप्रणालींच्या, धोक्यांवरील शोधनिबंधाच्या वादातून कंपनीबाहेर पडल्या. कंपनीच्या मते तो राजीनामा होता, गेब्रू यांच्या मते त्यांना काढून टाकण्यात आले. फेब्रुवारीत त्यांच्या सहप्रमुख मार्गारेट मिचेल यांना काढण्यात आले, तर एप्रिलमध्ये ज्येष्ठ संशोधक सॅमी बेंजिओ यांनी राजीनामा दिला. मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते मार्च २०२१ मध्ये घडले: संगणकप्रणालींची निष्पक्षता आणि उत्तरदायित्व यांवरील ‘फॅक्ट’ या संशोधन परिषदेने गूगलचे प्रायोजकत्व स्थगित केले. संशोधन क्षेत्रातील भरती जाहिरातींपेक्षा अशा परिषदांतून आणि विद्यार्थ्याला कुठे जावे, कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या मार्गदर्शकांमार्फत अधिक होते, त्यामुळे तिथला विश्वास गेला की मोठा पगार देऊ करूनही ती वाट लवकर खुली होत नाही.

याउलट कॉइनबेस या क्रिप्टोकरन्सी-व्यवहार कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये, कामाबाहेरच्या राजकीय चर्चेला इथे जागा नाही, असे उघड जाहीर केले आणि ज्यांना हे मान्य नव्हते त्यांना मोबदला घेऊन जाण्याची मुभा दिली. सुमारे ६० जण, म्हणजे जवळपास ५ टक्के कर्मचारी, गेले. मला तो नियम पटत नाही, पण येणाऱ्याला तो आधीच ठाऊक असतो, आणि हा प्रामाणिकपणा मी मान्य करतो. बोलण्याचे आमंत्रण देऊन बोलणाऱ्याला शिक्षा करणे मला त्याहून कितीतरी वाईट वाटते, कारण त्यानंतर कंपनीच्या इतर आश्वासनांवरही उमेदवार विश्वास ठेवत नाही.

हे नुकसान व्यवस्थापनाला उशिरा दिसते, कारण न आलेल्या अर्जाची नोंद कुठेच होत नाही. नोकरी नाकारणारा उमेदवारही खरे कारण क्वचितच लिहून देतो. घरगुती अडचण सांगून तो नम्रपणे निरोप घेतो. म्हणून कर्मचाऱ्यांनी स्वतःहून केलेल्या शिफारशींकडे मी अधिक लक्ष देतो. एखाद्या विभागात मतभेद मांडणाऱ्याला बाजूला सारले गेले आणि त्यानंतर तिथल्या चांगल्या माणसांनी आपल्या मित्रांची नावे सुचवणे थांबवले, तर भरती विभागाने नवी जाहिरात काढण्याआधी त्या विभागप्रमुखाशी बोलायला हवे.