आर-२९० गेजवर नाही, काट्यावर भरा

एसीत फिरून थंडावा देणाऱ्या गॅसपैकी (रेफ्रिजरंट) आर-४१०ए चा १ किलो हवेत सुटला, तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापमान वाढवतो. आर-३२ या दुसऱ्या एसी गॅसचा आकडा ६७५. आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, ३ किंवा त्याहूनही कमी. एवढ्या फरकासाठी ज्वलनशील गॅस हाताळायला शिकायलाच हवं.

वजनाने आर-२९० जुन्या एसींमधल्या आर-२२ गॅसच्या निम्म्याहून कमी लागतो. ३०० ग्रॅमच्या यंत्रात ३० ग्रॅमची चूक म्हणजे थेट १० टक्के. कमी भरला तर इव्हॅपोरेटरच्या (थंड होणाऱ्या कॉइलच्या) तोंडाशी बर्फ आणि पुढची कॉइल कोरडी. जास्त भरला तर कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलचा) दाब चढतो, कॉम्प्रेसरकडे द्रव परतण्याचा धोका वाढतो. म्हणून गेजवरचा दाब नाही, तर नेमप्लेटवरचं वजन, बारीक मोजणारा काटा आणि आखूड होज. लांब होजमध्ये अडकलेले ग्रॅमसुद्धा इथे महागात पडतात.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे, त्यामुळे डिटेक्टर जमिनीलगत ठेवा. हवेत सुमारे २.१ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि रेफ्रिजरंट दर्जाच्या गॅसला वास घातलेला नसतो. नाकावर विसंबू नका.

खरा धोका गॅस काढून झाल्यावर असतो. कॉम्प्रेसरच्या ऑईलमध्ये विरघळलेला प्रोपेन नंतरही हळूहळू सुटत राहतो. म्हणून जुना सांधा टॉर्चने उघडायचा नाही, पाईप कटरनेच कापायचा. आधी ऑक्सिजनमुक्त नायट्रोजनने लाईन धुवा, ब्रेझिंग करतानाही (टॉर्चने नवा सांधा जोडतानाही) नायट्रोजन मंद सोडत राहा. मग दाब देऊन साबणाच्या पाण्याने लीक तपासा आणि ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली व्हॅक्यूम घ्या. पंपाचा स्विच ठिणगी टाकतो, तो दूर ठेवा. व्हॉल्व्ह बंद करून १० मिनिटं थांबा: आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा, चढतच राहिला तर लीक.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) घ्यायचा असेल तर मोनोब्लॉक प्रकार मला सगळ्यात पटतो. गॅसचं सगळं सर्किट घराबाहेर, आत फक्त गरम पाणी.

आर-२२ च्या जुन्या यंत्रात मात्र प्रोपेन भरू नका. त्याचे रिले, स्विच आणि थर्मोस्टॅट ठिणगीचा विचार करून बनवलेले नसतात. स्वयंपाकाचा गॅस तर मुळीच नको: त्यात ब्युटेन, ओलावा आणि वासाची गंधकयुक्त रसायनं असतात, प्रमाणही ठरलेलं नसतं. अशा यंत्राचा लीक बुजवा, मूळ गॅसवरच चालवा, आणि मोडीत काढताना तो गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये उतरवून घ्या.