तुम्ही विचारलेत म्हणून : रात्री नौका कुठे उभी करत होतात?

नेरूळला आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हा प्रश्न मला हमखास विचारला जातो : "काका, शिडाच्या नौकेने मुंबईहून कोचीला गेलात, मग रात्री ती उभी कुठे करत होतात?" कुठेच नाही. सुमारे सहाशे सागरी मैलांच्या त्या प्रवासात नौका पाच दिवस अखंड चालत होती आणि आम्हा तिघांपैकी एक जण सदैव वर जागा असे. तीन तास पाळी, सहा तास विश्रांती.

पाळीवर नेमके काय पाहायचे, हे सांगणे मात्र इतके सोपे नाही. वीस नॉटने, म्हणजे तासाला वीस सागरी मैल वेगाने, येणारे मालवाहू जहाज तीन मिनिटांत एक सागरी मैल कापते. क्षितिजावर आता दिसलेला दिवा चहा संपेपर्यंत अंगावर येऊ शकतो. तो दिवा किती मोठा आहे, यापेक्षा त्याची दिशा बदलते की नाही, हे महत्त्वाचे. होकायंत्रावर त्याचा कोन दर दोन-तीन मिनिटांनी पाहायचा. कोन सरकत असेल तर जहाज पुढून किंवा मागून निघून जाईल, पण कोन तोच राहून दिवा मोठा होत असेल तर टक्कर ठरलेली समजायची. यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने शिडाच्या नौकेला वाट द्यावी, असे समुद्रात टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम साधारणपणे सांगतात खरे, परंतु अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाची वाट आपणच अडवायची नसते. शिवाय उघड्या समुद्रातही आपले इवलेसे शीड त्यांना दिसले आहे, असे मी कधी गृहीत धरले नाही.

"पण आता पडद्यावर सगळी जहाजे दिसतात ना?" हा पुढचा प्रश्न. मोठी जहाजे आपले नाव, वेग आणि दिशा रेडिओने प्रक्षेपित करतात, ती दिसतात. मासेमारीच्या कितीतरी लहान होड्या तसे काहीच करत नाहीत. पहिल्याच रात्री, मुरूडच्या बाहेर, पहाटे तीनच्या सुमारास मी पडद्यावरच्या एका टँकरचा हिशेब करण्यात इतका गुंतलो होतो, की समोर कोणीतरी विजेरी जोरजोरात हलवत आहे हे मला उशिरा दिसले. बिनदिव्याची होडी होती आणि तिचे जाळे थेट आमच्या नाळेपुढे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकासमोर, पसरलेले होते. नौका वळवली, शिव्या ऐकल्या. त्या रास्तच होत्या. पडद्याने चुकीचे काही दाखवले नव्हते, पण त्याच्या उजेडाने माझे डोळे आंधळे करून ठेवले होते. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एक पांढरा झगझगीत पडदा ती कमाई क्षणात घालवतो. त्या रात्रीपासून आम्ही पडदा मंद केला, नकाशा पाहायला लाल दिवा वापरला आणि पाळीवर येणाऱ्याला दहा मिनिटे आधीच अंधारात आणून बसवू लागलो.

नियमांत डोळ्यांबरोबर कानांनीही पहारा ठेवण्यास सांगितले आहे, आणि ते उगाच नाही. किनाऱ्यावरून वारा येत असला की होडीच्या इंजिनाची टकटक कधी कधी दिव्याआधी पोहोचते.

पाळी बदलताना बोलणे थोडकेच होई. "उजवीकडे टँकर, कोन सरकतो आहे. डावीकडे तीन होड्या, चौथी असावी, नुसते इंजिन ऐकू येते." समोरच्याने ते सगळे स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहिले, की मग मी खाली जाऊन जीवरक्षक जाकीट न काढताच झोपत असे.