पेटीवरचं नाव : आमची वाटचाल

लिहायचं लिहायचं म्हणून कितीतरी दिवस गेले, आज बसलेच शेवटी. आमचं काम थोडक्यात सांगायचं तर दुसऱ्या देशातून इथे राहायला आलेल्या माणसाचं टपाल, फोन, इंटरनेट आणि टीव्ही मार्गी लावून देणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्याने नवीन देशात पहिले दोन महिने काढलेत त्याला विचारा.

आम्ही दोघं नवरा-बायको स्वतः तसेच आलो होतो. भाड्याच्या घराला बँक खातं लागतं, बँकेला पत्त्याचा पुरावा लागतो, पुरावा म्हणजे तुमच्या नावाचं लाईटचं नाहीतर इंटरनेटचं बिल, आणि इंटरनेटवाले म्हणतात आधी इथलं बँक खातं दाखवा. गोल गोल. ह्या चक्रात आमचे सात आठवडे गेले आणि तेवढ्या काळात आमची पत्रं एका ओळखीच्यांच्या मार्फत येत होती, ते बिचारे रोज संध्याकाळी फोन करून सांगायचे आज काय आलंय ते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे आमचं बस्तान बसल्यावर आमच्या नंतर आलेल्यांना आम्ही आमचा पत्ता द्यायला लागलो, आधी दोन जणांना, मग पाच, मग एक दिवस डायनिंग टेबलवर पत्रांचा एवढा ढीग की जेवायला जागा नाही. तिथून हा धंदा सुरू झाला.

सुरुवातीला एक खोली, एक लोखंडी रॅक आणि एक वही. काम फक्त टपालाचं, आलेलं ठेवायचं, सांगितलं तर पुढे पाठवायचं. पहिल्याच वर्षी आमच्याकडून एक मोठी चूक झाली. दोन ग्राहक, आडनाव एकच, नावाचं पहिलं अक्षर पण एकच, आणि एकाचं सरकारी पाकीट मी दुसऱ्याच्या हातात दिलं. त्याने घरी जाऊन उघडलं, वाचलं, मग लक्षात आलं. आत व्हिसाच्या मुदतीबद्दल होतं, म्हणजे अगदी खाजगी. मी दोघांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्या रॅकवर नावं नाहीत, कप्प्यांना नंबर आहेत, आणि पाकीट देताना कप्पा नंबर आणि जन्मतारीख दोन्ही विचारल्याशिवाय कुणालाच काही मिळत नाही, मग ओळख दहा वर्षांची असो. पाकीट फोडून स्कॅन करायचं असेल तर लेखी परवानगी, ती पण मुदतीची. लोकांना वाटतं आम्ही फार ताणतो. पण दुसऱ्याचं टपाल घेणं ही साधी गोष्ट नाही, अमेरिकेत तर त्यासाठी पोस्टाचा 1583 नंबरचा फॉर्म भरून दोन ओळखपत्रं दाखवावी लागतात, आणि मला तो नियम पटतो.

नंतर आम्ही इंटरनेट जोडून द्यायचं काम घेतलं. सगळ्यांची पहिली मागणी तीच असायची, ताई बाकी काही असूदे, आधी नेट द्या. आणि आम्ही पण तेच आधी करायचो, ही दुसरी चूक. एक मुलगी आली होती, नोकरीसाठी एकटीच. तिला आम्ही तीन दिवसात नेट दिलं, खूश झाली. पण बँकेने कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात पाठवला आणि दोन्ही परत गेली. का, तर इमारतीच्या पत्रपेटीवर तिचं नावच नव्हतं, आधीच्या भाडेकरूचं होतं. पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो, नाव जुळलं नाही की पत्र परत. जर्मनीसारख्या देशात तर पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा लिहीतच नाहीत, पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव हाच पत्ता. बँकेने पत्र परत आलं म्हणून खातं गोठवलं, पगार अडकला, भाडं थकलं. तिने माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं तेव्हा मला फार लागलं, कारण तिच्याकडे फास्ट नेट होतं आणि बाकी सगळं बंद होतं.

तेव्हापासून आमचा क्रम उलटा झाला. पहिल्या भेटीला राउटर नाही, लेबलचं मशीन घेऊन जायचं. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही, मुलांच्या नावाने काही येणार असेल तर ते पण. बोटाएवढी पट्टी आहे हो, पण ती लागली की आठवड्याभरात पहिलं पत्र पेटीत पडतं आणि तिथून बाकीची कुलुपं एकेक करून उघडतात. माझं तर ठाम मत झालंय की परक्या देशात माणूस पोचतो तो विमानतळावर नाही, त्याच्या नावाचं पहिलं पाकीट येतं तेव्हा.

टीव्हीचा काळ वेगळाच होता. तेव्हा सगळ्यांना आपल्या भाषेचं चॅनल हवं आणि त्यासाठी डिश हवी. एक काका उत्तरेकडच्या बाल्कनीत डिश लावून द्या म्हणून हट्टाला पेटले होते. आता टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात, त्यामुळे उत्तर गोलार्धात डिशचं तोंड दक्षिणेकडेच करावं लागतं, उत्तरेच्या बाल्कनीतून मध्ये अख्खी इमारत येते. नवरा त्यांना कंपास घेऊन गच्चीवर घेऊन गेला, समोर उभं करून दाखवलं, तेव्हा पटलं. पैसे घेऊन काहीतरी टांगून देणारे होते तेव्हा, आम्ही नाही केलं. डीव्हीडीचंही तसंच, घरून आणलेल्या डिस्क इथल्या प्लेअरला चालायच्या नाहीत कारण डीव्हीडीसाठी जगाचे सहा रिजन म्हणजे विभाग पाडलेले आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरला चालत नाही, आणि लोक समजायचे डिस्कच खराब आहे.

आता ऑनलाईन सगळं असूनसुद्धा भांडण तेच आहे. मालिका किंवा मॅचचे हक्क देशागणिक वेगवेगळे विकले जातात म्हणून घरचं सबस्क्रिप्शन इथे आलं की बंद. आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो की कुठला ॲप इथे कायदेशीर चालतो, कुठला चालणार नाही, आणि चोरीच्या चॅनलचा डबा आम्ही बसवणार नाही. दोन-चार गिऱ्हाईकं त्यामुळे गेली. जाऊ देत.

मार्च 2020 मध्ये मात्र पोटात गोळा आला होता. बऱ्याच जणांना माहीत नसतं की परदेशी टपालाचा मोठा भाग प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. विमानं थांबली आणि एकामागून एक देशांच्या पोस्टांनी टपाल घेणं बंद केलं. आमच्या रॅकमध्ये औषधांची पार्सलं, कागदपत्रं, एका आजीबाईंनी नातवासाठी विणलेला स्वेटर, सगळं अडकलं. आम्ही रोज सकाळी कुठला देश सुरू झाला ते बघून यादी बदलायचो आणि प्रत्येकाला स्वतः फोन करायचो, मेसेज नाही, फोन. ट्रॅकिंग नंबर कसा वाचायचा तेही तेव्हाच आम्ही सगळ्यांना शिकवलं: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी जिथून निघालं त्या देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर आर असेल तर रजिस्टर, सी असेल तर पार्सल. एवढं कळलं तरी माणसाला जरा धीर येतो. मग ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली तेव्हा परत तसंच, कितीतरी देशांच्या पोस्टांनी तिकडची पार्सलं घेणं थांबवलं, पण ह्यावेळी आमची यादी तयार होती.

एरवी पार्सल अडकतं ते बहुतेक कस्टमच्या फॉर्ममुळे. लोक "गिफ्ट" एवढंच लिहितात. काय वस्तू, किती नग, वजन, किंमत, हे सगळं लिहायला हवं, आणि 2021 पासून ही माहिती पार्सल निघायच्या आधी ऑनलाईन पुढे जावी लागते. सुटी पॉवर बँक तर टाकूच नका.

सध्या आमच्याकडे सगळ्यात जास्त लोक येतात ते जुन्या फोन नंबरच्या भानगडीसाठी. नवीन देशात आलं की पहिला उत्साह म्हणून जुनं सिम काढून टाकतात. अहो नका करू. तुमच्या जुन्या बँकेचा, सरकारी पोर्टलचा, ईमेलचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. काही महिने रिचार्ज नाही केला की नंबर बंद होतो आणि मग कंपनी तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकते, म्हणजे तुमचा ओटीपी परक्या माणसाच्या खिशात. ग्राहक तिथून निघायच्या आधी फोन करतो तेव्हाच आम्ही सांगतो, जुना नंबर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर चालू ठेवा, दोन सिमचा फोन घ्या किंवा एक ई-सिम करा, त्या नंबरवर इथे एसएमएस येईल का ते निघायच्या आधी कंपनीला विचारा, ऑथेंटिकेटर ॲपचे (लॉगिनचा कोड फोनवरच दाखवणारं ॲप) बॅकअप कोड कागदावर लिहून पासपोर्टसोबत ठेवा, आणि जुना फोन विकायची घाई करू नका. फोन कंपनीला लॉक असेल तर तो उघडून घ्यायचं काम तिथे असतानाच करा, इथे आल्यावर फार त्रास होतो. मे 2025 ला स्काईप बंद झालं तेव्हा पण अशीच धावपळ झाली, कित्येक म्हातारे लोक मुलाबाळांशी त्यावरच बोलायचे, नवीन काही शिकायची भीती. आमच्याकडे कामाला असलेली मुलगी महिनाभर घरोघर जाऊन दुसरं ॲप बसवून देत होती, एकेकाकडे दोन-दोन तास.

आज आम्ही पाच जण आहोत, रॅक चार आहेत, कप्पे दोनशेच्या वर. निवडणुकीच्या दिवसात काही देश आपल्या परदेशातल्या नागरिकांना टपालाने मतपत्रिका पाठवतात, ती पाकिटं आमच्याकडे कप्प्यात जात नाहीत, आली त्या दिवशी हातोहात पोचवायची हा नियम नवऱ्याने केला आणि तो आजवर मोडलेला नाही. बाकी कप्पा नंबर 17 सध्या रिकामा दिसतो पण आम्ही तो कुणाला दिलेला नाही. तिथला माणूस आठ महिन्यांपूर्वी तिसऱ्याच देशात गेला, त्याची पत्रं अजून महिन्यातून दोनदा येतात, त्याची लेखी परवानगी डिसेंबरपर्यंत आहे. काल एक आलं, आज सकाळी स्कॅन करून पाठवलं, मूळ पाकीट उद्याच्या रजिस्टरने जाईल.