कुठल्या सरावाला कोणता जोडीदार

तालमीत वस्ताद एकाच पोराला रोज एकाच मल्लाशी भिडवत नाही. आज वजनाने भारी, उद्या चपळ, परवा नवखा, ज्याच्याशी लढताना स्वतःचा डाव घोटून होतो. कोल्हापुरात ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांनी हा हिशेब उचलावा. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्हींत आपल्याच वेगाचा माणूस बहुतेक वेळा मिळत नाही. मिळाला तरी सगळे सराव त्याच्याबरोबर करण्यात तोटाच आहे.

ऑलिंपिक अंतर म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल, 10 किलोमीटर धावणं. त्यासाठी आठवड्याला सात-आठ तास मिळाले तर तीनदा पोहणं, दोनदा-तीनदा सायकल आणि तीनदा धावणं बसतं. यातले निम्मे सराव जोडीने करावेत आणि निम्मे एकट्याने. शर्यतीत शेजारी कुणी वेग सांगणारं नसतं. आपला दम किती खर्च होतोय हे आपल्यालाच कळावं लागतं, आणि ही समज एकट्यानेच येते.

टँकवर जोडीदार हवा तो आपल्या आसपासच्या वेगाचा. त्यासाठी आधी वेग मोजून घ्या. नीट अंग मोकळं करून 400 मीटर जोरात, मग पूर्ण विश्रांती, मग 200 मीटर जोरात. दोन्ही वेळांच्या फरकाला दोनने भागलं की 100 मीटरचा टिकाऊ वेग मिळतो. 400 ला 9 मिनिटं आणि 200 ला 4 मिनिटं 16 सेकंद लागले, तर फरक 284 सेकंद, म्हणजे 100 मीटरला 2 मिनिटं 22 सेकंद. स्टॉपवॉच काठावरच्या जोडीदाराच्या हातात द्या. स्वतःच घड्याळ बघत पोहणाऱ्याचा हात शेवटच्या फेरीत हमखास बिघडतो.

दोघांच्या या आकड्यात 5 सेकंदांपर्यंत फरक असेल तर एकाच लेनमध्ये 10 वेळा 100 मीटर, मधे 20 सेकंद विश्रांती, असा सेट छान जमतो. दोघांत 5 सेकंदांचं अंतर ठेवून सुटा आणि दर 100 ला पुढचा माणूस बदला. मागच्याला पुढच्याने कापलेलं पाणी मिळतं आणि त्याचं काम हलकं होतं. सतत मागेच राहणाऱ्याला वाटतं आपला वेग वाढला, पण स्पर्धेच्या दिवशी मोकळ्या पाण्यात तो वेग कुठेच सापडत नाही. फरक 15 सेकंदांचा असेल तर वेगवान माणसाने 15 सेकंद उशिरा सुटावं. दोघे एकदम भिंतीला लागतात आणि शेवटचे 25 मीटर दोघांचेही खरे होतात.

एक काम जोडीदाराशिवाय होतच नाही: फोनवर चित्रीकरण. काठावरून एकदा बाजूने आणि एकदा समोरून. समोरून बघायचं ते हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे जातोय का. बाजूने बघायचं ते श्वास घेताना पाय खाली बुडतायत का. पाय बुडण्याचं कारण बहुतेक वेळा डोकं वर उचलणं असतं. अशा वेळी लाथा वाढवून फक्त दम संपतो.

उघड्या पाण्यात एकट्याने उतरायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. राजाराम तलाव असो की दुसरं कुठलं पाणी, उतरण्याआधी तिथे पोहायला परवानगी आहे का ते विचारा. शेवाळाचा हिरवा थर किंवा जलपर्णी दिसली तर परत फिरा. दोघे पाण्यात असतील तर तिसरा काठावर हवा. डोक्यावर भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधलेला तरंगता फुगा. दिशा पाहण्यासाठी सहा ते नऊ हातांनी एकदा फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. तोंडही वर काढलं की कंबर खाली जाते. जोडीदाराच्या पावलांमागे अर्धा मीटर राहून पोहण्याचा सराव इथेच करावा, कारण पोहताना असं मागे राहायला शर्यतीत मुभा असते.

कुणाचा श्वास अडकला तर त्याने पाठीवर वळायचं, फुगा छातीशी घ्यायचा आणि दहा-पंधरा श्वास लांब सोडायचे. दुसऱ्याने त्याला समोरून धरायला जाऊ नये. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघे बुडतात. बोलत राहा, आपला फुगा पुढे सरकवा, काठावरच्याला हाक द्या. पावसाळ्यात पंचगंगेत उतरण्याचा विषयच काढू नये. राजाराम बंधाऱ्यासारख्या ठिकाणी वरून पडणारं पाणी खाली गोल फिरून परत बंधाऱ्याकडेच ओढतं, आणि त्यातून चांगल्या पोहणाऱ्यालाही सुटता येत नाही.

सायकलीवर जोडीदाराचा उपयोग सगळ्यात जास्त, आणि घोटाळेही इथेच सगळ्यात जास्त होतात. पुढच्याच्या मागच्या चाकाला लागून चालवलं तर मागच्याची ताकद साधारण पाव ते तृतीयांश वाचते. लांबच्या सरावाला हे सोयीचं असतं. पण बहुतेक हौशी स्पर्धांत असं चिकटून चालवायला बंदी असते. आयर्नमॅन 70.3 या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पुढच्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत 12 मीटर अंतर राखावं लागतं, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर 25 सेकंदांत ओलांडून जावं लागतं. 12 मीटर म्हणजे मधे सहा सायकली मावतील इतकं. रविवारचा अख्खा पल्ला टोळीच्या मधे बसून काढला आणि घड्याळावर ताशी 30 किलोमीटरचा सरासरी वेग दिसला, तर तो वेग टोळीचा असतो. दोन तासांच्या राइडमधला शेवटचा तास हे 12 मीटर राखून चालवा. किती फरक पडतो ते मांड्या सांगतील.

टोळीत चालवताना पुढे येणाऱ्याची एक खोड ठरलेली: पुढे आला की जोर लावतो. मग मागची साखळी तुटते आणि शेवटचा माणूस दर तीन मिनिटांनी धाप लागेस्तोवर पळतो. पुढे येणाऱ्याने वेग तोच ठेवायचा. बाजूला होणाऱ्याने पायडल हलकं करून मागे सरकायचं. पाळी दोन-तीन मिनिटांची पुरते. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच जाऊ देऊ नका. तो खड्डा चुकवायला हातभर सरकला तरी आपण आडवे. खड्डा, खडी, गाडी हे पुढच्याने हाताने दाखवायचं आणि तोंडानेही सांगायचं.

सपाट पल्ल्याला गगनबावडा रस्ता धरून कळेपर्यंत जाऊन येणं ठीक. चढाला पन्हाळा आहेच, शहरापासून सुमारे 20 किलोमीटर, आणि खरा चढ वाघबीळपासून. घाटात कुणी कुणासाठी थांबू नये. प्रत्येकाने आपल्या दमाने चढावं, आणि जो आधी पोहोचेल त्याने वळून शेवटच्या माणसापर्यंत खाली यावं आणि त्याच्याबरोबर पुन्हा चढावं. वेगवान माणसाला दीडपट काम होतं आणि मागच्याला एकटं वाटत नाही. उतारावर मात्र दोघांत निदान 20 मीटर अंतर हवं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वर धुकं असतं, तेव्हा पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा दिवसाही सुरू ठेवा.

साखर कारखाने सुरू झाले की, साधारण नोव्हेंबर ते मार्च, या सगळ्या रस्त्यांची तऱ्हा बदलते. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागे दिवा असेलच असं नाही, आणि दुसरी ट्रॉली डोलते. डाव्या बाजूने तर कधीच घुसू नका. उजवीकडूनही एकेकानेच जायचं, पुढचा रस्ता स्वतः बघून. पुढचा गेला म्हणून आपण गेलो, हे चालणार नाही. रस्त्यावर पडलेल्या उसावर चाक घसरतं. त्या महिन्यांत अंधारात निघण्यापेक्षा उजाडल्यावर निघणं शहाणपणाचं.

जोडीदार आहे म्हणून सामान वाटून घेऊ नये. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि अॅलन चाव्यांचा जोड प्रत्येकाकडे स्वतःचा हवा. 25 मिलिमीटर रुंद टायरची ट्यूब 32 ला पुरेलच असं नाही आणि व्हॉल्व्हची लांबी रिमप्रमाणे बदलते. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा. तारेचा तुकडा आतच असेल तर पाच मिनिटांत दुसरं पंक्चर ठरलेलं.

धावण्यात जोडीदार बिघडवतो ते हळू धावणं. दोघांतला एक नेहमी अर्धं पाऊल पुढे असतो, दुसरा त्याला गाठतो, पहिला पुन्हा अर्धं पाऊल पुढे. घरी येईपर्यंत सोपी धाव मध्यम झालेली असते आणि दुसऱ्या दिवशीचा कठीण सराव वाया जातो. रंकाळ्याभोवतीच्या सकाळच्या धावेत वेग ठरवायचा हक्क दोघांतल्या हळू माणसाचा. कसोटी साधी: न थांबता, न धापता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटक झालं की वेग कमी. त्यासाठी हृदयाचे ठोके मोजायचीही गरज नाही. आमच्या मते हाच जोडीदाराचा सगळ्यात मोठा उपयोग, आणि वेगाच्या हव्यासात तोच वाया जातो.

वेगवेगळ्या ताकदीच्या चौघांना एकत्र कठीण धाव करायची असेल तर अंतर न ठरवता वेळ ठरवा. विद्यापीठाच्या आवारात एका झाडापासून सगळे सुटा, 10 मिनिटं पुढे, मग वळून त्याच वेगाने 10 मिनिटं परत. कुणी दोन किलोमीटरवर वळेल, कुणी अडीचवर, पण झाडापाशी सगळे एकदम येतील. एखादा आधी आला तर तो जाताना हळू होता. मागे राहिला तर जाताना उधळला. दुसरं काही मोजायची गरज पडत नाही.

सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव आठवड्याला एकदा पुरे: 30 किलोमीटर सायकल, मग 15 ते 20 मिनिटं धाव. पहिला किलोमीटर पाय लाकडाचे होतात आणि तरीही वेग जास्तच निघतो, कारण सायकलच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना धावणं संथ वाटतं. जोडीदाराने पहिली पाच मिनिटं मुद्दाम मागे धरून ठेवावं. पोहून येऊन सायकल घेतानाच्या अदलाबदलीवेळी त्याने एवढंच बघायचं: सायकलला हात लागण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद झाला का. स्पर्धेत याच चुकीला दंड बसतो.

खाण्यात प्रत्येकाने आपलं बघावं. सायकलवर तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं हे सुरुवातीचं माप. 30 ग्रॅम गुळात साधारण 25 ते 28 ग्रॅम मिळतात, आणि घट्ट काकवी लहान पिळायच्या बाटलीत भरली तर चालत्या सायकलवरही घेता येते. 750 मिलिलिटर पाण्यात 1 ग्रॅम मीठ, म्हणजे पाव चमच्याहूनही थोडं कमी. मिसळीचा थांबा राइड संपल्यावर. मधेच मिसळीचा तिखट कट ओरपून पुढचे 30 किलोमीटर चालवणाऱ्याचं पोट वाघबीळला उत्तर देतं. दूधकट्ट्यावरचं म्हशीचं ताजं दूधही परतताना घ्या. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे 18 ग्रॅम प्रथिनं असतात, पण स्निग्धांश इतका की आधी प्यायलं तर जड होतं.

वेळेचा नियम लेखी नसला तरी पक्का असावा: साडेपाच म्हणजे साडेपाच, पाच मिनिटं वाट, मग फोन न करता निघायचं. आणि पहिल्याच आठवड्यात एकमेकांच्या शर्यतीची तारीख विचारून घ्या. शर्यतीआधी दोन आठवडे सरावाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरवावं लागतं, वेगाचे छोटे तुकडे तेवढे ठेवायचे. जोडीदाराची शर्यत महिनाभराने असेल तर त्याचा तेव्हा सगळ्यात जड आठवडा चालू असतो. त्या पंधरवड्यात त्याच्याबरोबर फक्त टँकवर भेटा. सायकल आणि धावणं आपलं आपण.