स्किल मॅट्रिक्समधला चौथा पाव

चाकण-भोसरीच्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये शिरा, लाइनच्या तोंडाशी 'स्किल मॅट्रिक्स'चा, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याचा, एक बोर्ड दिसेलच. एका बाजूला ऑपरेटरची नावं, वर मशिनं, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं एक वर्तुळ. एक पाव भरला म्हणजे गडी अजून शिकतोय, दोन म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवलं तर करतो, तीन म्हणजे एकटा सांभाळतो. चारही पाव भरले म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो.

आधी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर होतो, आता सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनिंग बघतो. दोन्ही बाजूंनी हा बोर्ड पाहिलाय म्हणून सांगतो, त्यातला चौथा पाव बहुतेक ठिकाणी सर्व्हिस बघून भरलेला असतो. ज्याची नोकरी जुनी, त्याचं वर्तुळ पूर्ण. ऑडिटर येतो, बोर्ड बघतो, हजेरीपटावरच्या सह्या बघतो, 'ट्रेनिंग इफेक्टिव्हनेस'चा फॉर्म बघतो, आणि चहा पिऊन पुढच्या खात्याकडे जातो.

आमच्याकडे एक सेटर, म्हणजे मशिन कामासाठी लावून देणारे, आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. हात असा की कटिंगच्या आवाजावरून इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, गेला हे ओळखतात. पण नवीन पोरगं शेजारी उभं केलं की मामांचं शिकवणं दोन शब्दांत आटपतं: "बघ आणि कर." पोरगं बघतं. बोटं इतकी झपाझप चालतात की त्याला काही कळत नाही, आणि "मामा, परत एकदा दाखवा" म्हणायची त्याची छाती होत नाही. यात मामांचा काय दोष? काम येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट त्यांना कुणी शिकवलेलीच नव्हती.

यावरचा उपाय फार जुना आहे. १९४० साली अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखी माणसं भराभर घ्यावी लागली, तेव्हा तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम काढला. त्यात सुपरवायझरना शिकवायचं कसं हे शिकवत, रोज दोन तास, असे पाच दिवस. युद्धानंतर तो जपानात गेला आणि टोयोटाने तो मुरवून घेतला. आपण मात्र टोयोटाकडून जमिनीवरचे पिवळे पट्टे आणि खराब मालाचे लाल डबे तेवढे उचलले.

त्यातला एक कागद मला सगळ्यात कामाचा वाटतो. तीन रकाने: काय करायचं, त्यात नेमकं कुठे सांभाळायचं, आणि का. हा कागद मी मामांना बरोबर घेऊन बनवला, वेअर ऑफसेट देण्याच्या कामासाठी. म्हणजे इन्सर्ट झिजला की माप जेवढं चुकतं तेवढा फरक मशिनला सांगायचा. काम एरवी अर्ध्या मिनिटाचं. जॉबचा, म्हणजे बनवायच्या भागाचा, बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा, मायक्रोमीटरवर २५.०३ आला, म्हणजे एक्समध्ये (व्यासाच्या दिशेला) उणे ०.०३ द्यायचं. आता ऑफसेटच्या पानावर आधीच उणे ०.१२ आहे समजा. 'प्लस इनपुट' दाबलं तर उणे ०.१५ होतं, जे हवंय. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून तिथे उणे ०.०३ बसतो, आणि पुढचा जॉब २५.१२ चा निघतो. तो निदान रीवर्कला, म्हणजे परत कापायला, तरी जातो. पण इन्सर्ट बदलल्यावर जुना ऑफसेट तसाच राहिला, तर जॉब अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा बारीक, होऊन थेट भंगारात.

"हे तर सगळ्यांना माहीत असतं," मामा म्हणाले. मी म्हटलं, मग सांगितलं कुणाला? ते जरा थांबले आणि मग स्वतःच तिसरा रकाना भरायला लागले. मायक्रोमीटर रॅचेटनेच (टोकाच्या कटकट वाजणाऱ्या मुठीनेच) का फिरवायचा, मोजण्याआधी जॉबवरचा कूलंट का पुसायचा, चकमध्ये जॉब पकडण्याआधी जॉ मधली, म्हणजे पकडीतली, चिप (धातूचा कीस) का काढायची. एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या कागदात, हे होतं, पण इंग्रजीत, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, डोक्याच्या वर टांगलेलं. आमची निम्मी पोरं लातूर-नांदेडची आयटीआय झालेली, बाकीची बिहार-उत्तर प्रदेशातली. आता तोच कागद मराठीत आणि हिंदीत, मशिनच्या दाराला चिकटवलाय. फोटोंसकट.

खरी मारामारी वेळेवरून होते. शिकवायला घेतलं की मामांच्या मशिनचे नग कमी पडतात, आणि संध्याकाळी प्रॉडक्शनवाले त्यांनाच विचारतात. असं एकदा झालं की कुठलाही शहाणा माणूस पुन्हा शिकवत नाही. म्हणून मी एकच हट्ट धरला: शिकवण्याचा वेळ टार्गेटमधून वजा करा, लेखी. यावर जेवढ्या मीटिंगा झाल्या तेवढ्या बाकी कशावरच झाल्या नाहीत. शेवटी एका लाइनपुरतं मान्य झालं.

अप्रेंटिसबद्दलही बोलायला हवं. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पोरं येतात, पण बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून डिबरिंगच्या, म्हणजे जॉबच्या कडांची धार काढायच्या, टेबलावर बसतात, आणि वर्षभर कानशीच घासतात. स्टायपेंडमध्ये हेल्पर मिळाला, एवढाच हिशोब. मग "आजकालची पोरं टिकत नाहीत" म्हणून एचआरवाले मोकळे.

चौथा पाव भरायची पद्धत आम्ही आता बदलली आहे. ज्याला शिकवलं त्या पोराला मी आठवड्याने मशिनवर गाठतो. कागद झाकायचा, काम करताना त्यानेच मला बोलून दाखवायचं, कारणांसकट. त्याला "का" सांगता आलं नाही तर वर्तुळ शिकवणाऱ्याचं खोडायचं, पोराचं नाही. पहिल्याच फेरीत बोर्डावरची बरीच पूर्ण वर्तुळं पाऊण झाली, आणि दोन जुने ऑपरेटर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. एक गोष्ट मात्र अनपेक्षित होती. सगळ्यात चांगलं शिकवणारी निघाली ती तपासणीच्या टेबलावरची एक मुलगी, जिचं नाव त्या बोर्डावर नव्हतंच.

रात्रपाळीचा प्रश्न तसाच आहे. नव्या पोरांना पहिल्यांदा तिथेच टाकतात, आणि शिकवू शकणारं माणूस तिथे एकही नाही. त्या मुलीला रात्री बोलवायचं तर कंपनीला तिची लेखी संमती हवी, घरापर्यंत गाडी हवी, सोबत आणखी बायका हव्यात. तोवर मामा महिन्यातला एक आठवडा रात्री यायला तयार झालेत, पण मामींना विचारून सांगतो म्हणालेत.