फुलीगोळ्याचे बटण

आईला बँकेच्या स्वयंचलित फोनसेवेवरून खात्यातील शिल्लक जाणून घ्यायची होती. ध्वनिमुद्रित बाईंनी सगळे मराठीत सांगितले आणि शेवटी 'हॅश दाबा' अशी सूचना दिली. आईने फोन कानापासून दूर धरला आणि विचारले, "हॅश म्हणजे कोणतं गं?" दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा असे वर्णन मी करू लागले, तोच ती म्हणाली, "मग फुलीगोळ्याची चौकट म्हण की सरळ!" एवढ्यात वेळ संपून फोन बंद झाला. पण त्या बटणाला आमच्या घरात नाव मिळाले, आणि इतर भाषांनी अशा चिन्हांचे काय केले याचा शोध घेण्याची मला सवय जडली.

अमेरिकेत १९६३ साली बटणांचे दूरध्वनी आले, तेव्हा त्यांवर दहाच बटणे होती. शून्याच्या दोन बाजूंची * आणि # ही बटणे १९६८ मध्ये बसवण्यात आली. तेथील कारकुनांना # हे चिन्ह आधीपासून माहीत होते: आकड्याच्या आधी आले तर ते 'क्रमांक' असे वाचायचे आणि नंतर आले तर 'पौंड', म्हणजे वजन. पौंडाचे 'एलबी' हे लघुरूप आडव्या रेघेसह घाईघाईने लिहिता लिहिता त्याची ही जाळी झाली, असे मानले जाते. ब्रिटनमध्ये मात्र पौंड म्हटले की £ हेच चिन्ह डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तेथे 'हॅश' हे नाव रूढ झाले. बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी आठ टोकांवरून 'ऑक्टोथॉर्प' असे भारदस्त नाव काढले. त्यातल्या 'थॉर्प'च्या उगमाच्या जेवढ्या कथा आहेत, त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

ज्यांच्या हिशेबात हे चिन्ह कधी नव्हते, त्यांनी आईसारखेच केले, म्हणजे आकार पाहिला आणि परिसरातील एखादी वस्तू आठवली. डच लोकांना छोटे कुंपण दिसले, इटालियनांना छोटे फाटक, हिब्रू भाषकांना छोटी शिडी. रशियन भाषेत त्याला 'रेश्योत्का' म्हणतात, आणि तुरुंगाच्या गजांनाही हाच शब्द आहे. स्वीडिश भाषेत त्याचे एक नाव चक्क 'लाकडाची वखार' या अर्थाचे आहे. चिनी लिपीत विहिरीचे अक्षर जवळपास असेच दिसते, म्हणून तेथे ते 'विहिरीचे चिन्ह' ठरले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकात त्याचे नाव 'स्क्वेअर', म्हणजे चौरस, असे आहे. समितीने ठेवलेले नाव असेच असायचे.

@ ची गोष्ट याहून रंजक आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी संगणकांच्या जाळ्यावरून पत्र पाठवताना व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये हे चिन्ह घातले, कारण ते कोणाच्याही नावात येत नव्हते. पुढे ईमेलबरोबर ते देशोदेशी पोहोचले आणि एक मोठे प्राणिसंग्रहालयच उभे राहिले. रशियनांना त्यात कुत्रा दिसला, डचांना माकडाची शेपटी, पोलिश लोकांना अख्खे माकड, हंगेरियनांना अळी, ग्रीकांना बदकाचे पिल्लू, डेन्मार्कमध्ये हत्तीची सोंड. इटालियन आणि कोरियन या एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषांत मात्र गोगलगाय दिसली. चेक लोकांनी मसालेदार आंबट पाण्यात मुरवलेल्या माशाच्या गुंडाळीचे नाव दिले आणि हिब्रूमध्ये ते श्ट्रुडेल, म्हणजे सारण भरून गुंडाळलेला गोड पदार्थ, झाले. भुकेच्या वेळी नामकरण झाले असावे, अशी मला दाट शंका आहे.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोक मात्र या खेळात उतरले नाहीत. त्यांच्याकडे हे चिन्ह 'आरोबा' नावाच्या वजनासाठी पूर्वीपासून वापरात होते. हा शब्द अरबीतील 'चौथा भाग' या अर्थाच्या शब्दावरून आला असून ब्राझीलमध्ये मांसासाठीच्या गुरांचा भाव आजही १५ किलोंच्या आरोबावर ठरतो. साहजिकच ईमेल आल्यावर त्यांना नवे नाव शोधावे लागले नाही.

आपलेही तसेच झाले आहे. मराठी माणूस ईमेलचा पत्ता सांगताना 'ॲट द रेट' म्हणतो, तेव्हा खरे म्हणजे तो इंग्रजी बिलातील ओळ वाचत असतो: अमुक नग, तमुक दराने. पत्त्यात कसलाही दर नसतो, तरी शब्द हिशेबाच्या वहीतून जसाच्या तसा उचलला गेला. मराठी डोळ्यांना त्यात जिलबीचा वेढा किंवा गोगलगाय दिसली नाही याचे मला थोडे वाईट वाटते. पण ज्याचे काम आधीच ठाऊक आहे त्याच्या रूपाकडे कोण निरखून पाहणार?

* च्या बाबतीत आपण कमी पडलो नाही. विधिमंडळात ज्यांचे उत्तर तोंडी द्यायचे ते प्रश्न 'तारांकित' असतात, आणि छापता न येणाऱ्या शिवीच्या जागी आलेले हेच चिन्ह आपण 'फुल्या फुल्या' असे वाचतो.

परवा आईला संगणकाच्या कळफलकावर सहाच्या डोक्यावरचे ^ दाखवले. संगणकवाले त्याला 'कॅरेट' म्हणतात, जे ऐकून सोनाराचे दुकान आठवते. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे काकपद. लिहिताना शब्द राहिला की ओळीत खाली हे काढायचं आणि वर तो शब्द लिहायचा. तुम्हाला शाळेत नव्हतं का?"