सोंडकिड्याच्या पाठीवरचे पट्टे

तांदळातल्या सोंडकिड्याचा स्टॅक (फोकस थोडाथोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम जोडून केलेला फोटो) स्क्रीनभर पाहिला तेव्हा झकास दिसत होता. शंभर टक्के मोठा केल्यावर प्रोनोटमवर, म्हणजे डोक्यामागच्या पाठीच्या ढालीवर, पट्टे दिसले: खड्ड्यांची एक ओळ लख्ख, पुढची मऊ, मग पुन्हा लख्ख. धान्यकिडींच्या माहितीपत्रकासाठी नेमके हे खड्डेच हवे होते. सायटोफायलस ओरायझीचे, म्हणजे याच तांदळातल्या किड्याचे, खड्डे गोलसर असतात, त्याच्या भाऊबंद ग्रॅनेरियसचे लांबट. (मक्यातला झियामाईस मात्र फोटोवरून खात्रीने वेगळा काढता येत नाही, त्यासाठी नराचं जननांग सोडवून पाहावं लागतं. हे काम देणाऱ्यांना आधीच सांगितलेलं बरं.)

जुळणी अशी होती: 20 पट ऑब्जेक्टिव्ह, एनए (भिंगाची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) 0.42, मागे 200 मिमीची ट्यूब लेन्स, फुल-फ्रेम 24 मेगापिक्सेल कॅमेरा. एका फ्रेमची खोली, म्हणजे एकावेळी फोकसमध्ये येणारी जाडी, ही प्रकाशाची तरंगलांबी भागिले एनएचा वर्ग. 0.55 मायक्रॉन भागिले 0.176, म्हणजे 3.1 मायक्रॉन. तीस टक्के ओव्हरलॅप धरून मोटरने फोकस सरकवणाऱ्या रेलला 2.2 मायक्रॉनची पायरी दिलेली होती. गणित बरोबरच होतं.

हादऱ्यांचा संशय लगेच बाजूला ठेवला. पंखा, लिफ्ट किंवा रस्त्यावरचा ट्रक कधीही येतो आणि अख्खी फ्रेम बिघडवतो. इथे पट्टे ठरावीक अंतराने येत होते, म्हणजे खोट काहीतरी फिरणाऱ्या भागात होती.

तपासायला दाढीचं पातं पुरतं. ते लेन्ससमोर 10 अंश कलतं ठेवायचं आणि स्टॅक घ्यायचा. पात्यावरच्या घासकामाच्या रेघांमध्ये फोकसची चिंचोळी पट्टी दिसते आणि प्रत्येक फ्रेममध्ये ती थोडी सरकते. 2.2 मायक्रॉनला या जुळणीत ती सुमारे 42 पिक्सेल सरकायला हवी. प्रत्यक्षात कुठे 25, कुठे 60. 60 पिक्सेल म्हणजे 3.2 मायक्रॉन, फ्रेमच्या खोलीपेक्षा जास्त. तिथे कुठल्याच फ्रेममध्ये फोकस नव्हता, आणि जे टिपलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

कारण मायक्रोस्टेपमध्ये होतं. रेलचा स्क्रू 1 मिमी पिचचा, मोटर एका फेऱ्यात 200 स्टेपची, म्हणजे एक पूर्ण स्टेप 5 मायक्रॉनची. ड्रायव्हर, म्हणजे मोटरला प्रवाह पुरवणारं सर्किट, त्याचे 16 भाग (मायक्रोस्टेप) करतो, कागदावर प्रत्येकी 0.31 मायक्रॉन. पण स्वस्त ड्रायव्हरमध्ये कॉइलचा प्रवाह शून्याजवळ आला की दोन-तीन मायक्रोस्टेप मोटर जागची हलतच नाही, मग एकदम उडी घेते. वर सरकत्या भागाचं घर्षण. रेलच्या जाहिरातीतला 'रिझोल्यूशन'चा आकडा म्हणूनच मी कधी मनावर घेत नाही. पूर्ण स्टेपच्या जागा मात्र भरवशाच्या असतात: चूक साधारण पाच टक्के, आणि ती साठत जात नाही.

म्हणून पायरी सूत्रातून काढावी आणि मग मोटरच्या पूर्ण स्टेपला जुळवून घ्यावी. 10 पट, 0.25 एनएच्या ऑब्जेक्टिव्हला खोली 8.8 मायक्रॉन मिळते. तिथे याच रेलवर 5 मायक्रॉनची पायरी द्यावी. फ्रेम थोड्या जास्त होतात, होऊ द्याव्या. 20 पटला मात्र 5 मायक्रॉन फार होतात, तेव्हा रेल बाजूला काढून जुन्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस ब्लॉक लावला. त्याच्या बारीक नॉबचा एक फेरा 0.2 मिमीचा. तीच 200 स्टेपची मोटर लवचिक कपलिंगने नॉबच्या दांड्याला जोडली की एक पूर्ण स्टेप बरोबर 1 मायक्रॉन. पायरी दोन स्टेपची ठेवली. 0.4 मिमी खोलीला 200 फ्रेम झाल्या.

हा ब्लॉक आडवा बसवताना एक काळजी घ्यावी लागते. मूळ जागी तो उभा असतो आणि वजनामुळे दात्यांमधली ढिलाई आपोआप एका बाजूला बसते. आडवा केला की ती मोकळी होते. पुलीवरून दोरीने छोटं वजन सोडावं, किंवा स्प्रिंगने एकाच दिशेला ताण द्यावा. सुरुवातीच्या जागेच्या 50 मायक्रॉन मागे जाऊन पुढे यावं आणि नंतर दिशा बदलू नये. ब्लॉकवर कॅमेरा न चढवता किडा चढवावा, तो हलका. थांब्यावर मोटरचा प्रवाह निम्मा करावा, पण बंद करू नये. बंद केला की रोटर स्वतःच्या चुंबकी खाचेत सरकू शकतो.

बाकी नेहमीचंच: शटरच्या धक्क्याऐवजी इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा, हालचालीनंतर तीन सेकंद थांबा, ट्रेसिंग पेपरमागून दोन फ्लॅश. 1 मायक्रॉनचा हादरा सेन्सरवर 20 मायक्रॉनचा होतो, तीनहून जास्त पिक्सेल. खड्ड्यांत पीठ बसलेलं असतं, ते आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रशने काढावं. नाहीतर सगळ्यात स्वच्छ फोकस पिठाच्या कणांवर मिळतो.

पात्याची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा 2 मायक्रॉनला अपेक्षित 38 पिक्सेलच्या आसपासच आकडे आले. झेरीन या स्टॅक जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पीमॅक्स पद्धतीने केसांसाठी आणि डीमॅप पद्धतीने पाठीच्या पृष्ठभागासाठी असे दोन स्टॅक काढून एकत्र केले. पट्टे गेले, खड्डे गोलसर निघाले.